विकलेल्या बंदुकीची हळहळ
(द्वितीय वर्ष, कला)

जमीन विकली, दागिना मोडला की घरचे माणूस हळहळते आणि त्या हळहळीला चारचौघांत मान असतो. "नाइलाज होता," असे म्हणून लोक धीर देतात. पण एखाद्या शेतकऱ्याने बंदूक विकल्याची खंत बोलून दाखविली, तर ऐकणारा आधी हसतो आणि मग संशयाने पाहतो. "बरे झाले, एक हत्यार कमी झाले," हे उत्तर तयारच असते. ते बहुधा आपल्यासारख्या शिकणाऱ्या मंडळींकडून येते, म्हणूनच त्याविषयी या अंकात लिहावेसे वाटले.

मला जवळून माहीत असलेली बंदूक आमच्याच घरची. एकनळी, बारा बोअरची, आजोबांच्या नावावर. आमची भातशेती सह्याद्रीच्या पायथ्याशी, रानाला अगदी लागून. दाणा भरू लागला की रानडुकरे उतरतात. एका रात्रीत ती खातात थोडे आणि तुडवितात फार. आजोबा माळ्यावर बसून राखण करीत आणि मध्यरात्री एखादा बार काढीत. तेवढ्याने आजूबाजूच्या चार शेतकऱ्यांनाही डोळा लागे. दसऱ्याला कोयता, नांगराचा फाळ यांच्या पंक्तीला बंदूकही पूजेला बसे. घरातल्या इतर अवजारांसारखेच तेही एक अवजार होते.

ही बंदूक मी कॉलेजात आलो त्या वर्षी विकली गेली. वसतिगृहाचे भाडे आणि खानावळीचे पहिले दोन महिने तिच्या पैशांतून निघाले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. तेव्हा सौदा तोट्याचा झाला असे कोणी म्हणणार नाही, आजोबाही म्हणत नाहीत. तरीही भात पिकू लागले की ते म्हणतात, "बंदूक असती तर निदान बार तरी काढला असता." हे वाक्य मला महत्त्वाचे वाटते. त्यात शिकारीची हौस कोठे आहे? आहे ती राखणीची चिंता.

बंदूक विकणे बैल विकण्याइतके सोपे नसते. बैल सकाळी बाजारात नेला तर दुपारी दावे हातात घेऊन परत येता येते. बंदुकीला १९५९ चा शस्त्र कायदा लागतो. आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकण्याचा इरादा जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवावा लागतो, आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावे लागते. हे दिवस सरकारला चौकशीसाठी हवे असतात. विकणाऱ्याच्या घरात मात्र तेवढे दिवस खुंटीवरच्या वस्तूकडे कोणी सरळ पाहत नाही. शिवाय एकदा गेलेली बंदूक पुन्हा सहज येत नाही. नवा अर्ज, नवी चौकशी, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या खेपा. आहे ती सांभाळणेही सोपे नाही. ठरावीक मुदतीने परवान्याचे नूतनीकरण करा, निवडणूक जाहीर झाली की ठाण्यात जमा करा, संपली की सोडवून आणा. आडगावच्या म्हाताऱ्याला हे ओझेच होते. पैशाची गरज हे निमित्त, कागदांचा थकवा हेही कारण.

आता दुसरी बाजू. आपल्यापैकी अनेक मित्र वन्यप्राण्यांच्या बाजूने तळमळीने बोलतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला नसता, तर आज रानात काय उरले असते? पण रान रिकामे केले कोणी? या देशातले शेवटचे म्हणून नोंदले गेलेले तीन चित्ते १९४७ साली कोरियाच्या महाराजांनी मारले. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर हजाराहून अधिक वाघ सांगितले जातात. ही काही भाताची राखण नव्हती. संस्थानिकांच्या आणि साहेबांच्या रायफलींचा हिशेब माळ्यावरच्या शेतकऱ्याच्या नावावर मांडणे न्यायाचे नाही.

बंदुकांतही थोर आणि क्षुद्र असा भेद आहेच. १९०७ साली जिम कॉर्बेट यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिने ४३६ माणसे मारली होती, असे ते लिहितात. त्याबद्दल त्यांना भेट मिळालेली रिग्बी रायफल पुढे त्यांच्या प्रकाशन संस्थेकडे गेली आणि २०१५ साली ती बनविणाऱ्या कंपनीनेच परत विकत घेऊन जपली. कर्नाटकातील कोडगूमध्ये कोडवा समाज कैलपोढ सणाला बंदुकीला फुले वाहतो. तेथे जन्म-मृत्यूची वर्दीही बारानेच दिली जाते. त्या समाजाला परवान्यातून असलेली सूट २०१९ मध्ये केंद्र सरकारने आणखी दहा वर्षांसाठी वाढविली. म्हणजे बंदुकीशी माणसाचे नाते असू शकते, हे सरकारलाही मान्य आहे. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक ठेवण्याची सोय तर शस्त्र कायद्यातच लिहिलेली आहे. मग साध्या शेतकऱ्याची हळहळ तेवढी हास्यास्पद का?

सगळ्यांना बंदुका वाटा, असे माझे म्हणणे नाही. परवाना असला तरी रानडुक्कर मारता येत नाही. त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते, आणि ती लागावी हेच योग्य. माझे म्हणणे एवढेच की, राखणीचे साधन गेले तेव्हा त्याच्या जागी काय आले, हे विचारले पाहिजे. शासन पिकाची नुकसानभरपाई देते. पण तिला अर्ज हवा, पंचनामा हवा, आणि तो वेळेत हवा. माळ्यावर रात्र काढलेल्या माणसाला हे कागद कोण भरून देणार?

"लेखणी बंदुकीहून श्रेष्ठ आहे," या वाक्याला वक्तृत्व स्पर्धेत टाळ्या पडतात. डुकरांना ते ऐकू जात नाही. पण ज्यांच्या घरातली एखादी वस्तू फीसाठी विकली गेली, त्या आम्हा मुलांना लेखणीने एक काम नक्की करता येईल. सुटीत गावी गेल्यावर भरपाईचे अर्ज लिहून द्यावेत, पंचनाम्यासाठी तलाठ्याच्या आणि वनरक्षकाच्या मागे लागावे. आणि कोणी म्हातारा गेलेल्या बंदुकीबद्दल बोलू लागला, तर त्याला अहिंसेचे व्याख्यान न देता यंदा भात किती पदरात पडले, ते आधी विचारावे.