शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा

आयुर्वेदाने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रुग्ण. चरकसंहितेने परिचारकाला या चौघांत स्थान दिले आणि त्याचे गुणही नेमके चार सांगितले : शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी जिव्हाळा आणि शुचिता. दीड दिवस डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाकडे यांपैकी कोणता गुण शाबूत राहील, हा साधा प्रश्न आज आम्ही राज्यकर्त्यांना, रुग्णालयांच्या चालकांना आणि आमच्या सुशिक्षित वाचकांनाही विचारू इच्छितो. हा प्रश्न पहिल्या पानावर आणण्याचे कारण एवढेच की, त्याच्या उत्तरावर आपल्यापैकी प्रत्येकाचा जीव केव्हा ना केव्हा अवलंबून राहणार आहे.

सरकारी रुग्णालयांतील निवासी डॉक्टरांचेच उदाहरण घेऊ. त्यांचे सलग काम सामान्यतः बारा तासांहून अधिक असू नये, असे केंद्र सरकारने १९९२ सालीच सांगून ठेवले आहे. तथापि चोवीस आणि छत्तीस तासांच्या पाळ्या हा वैद्यकीय शिक्षणाचाच एक भाग मानण्याची रीत पडून गेली. वैमानिकाने सलग किती तास काम करावे याला नियमांचे बंधन आहे, आणि प्रवाशांना त्यात आपले हित दिसते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजलेल्या रुग्णाचे हित निराळे आहे काय? १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दगावली. कामाने थकलेल्या शिकाऊ डॉक्टरांच्या हाती तिला सोपविले होते, हे तिच्या पत्रकार पित्याने वेशीवर टांगले. परिणामी त्या राज्याने १९८९ साली आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा घातली, आणि २००३ पासून ती साऱ्या अमेरिकेत लागू झाली. ऐंशी तास म्हणजेही काही आराम नव्हे. परंतु एका मृत्यूने तेथे निदान नियम जागा केला.

आपल्याकडे मृत्यूही पुरेसे ठरत नाहीत, असे खेदाने म्हणावे लागते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग काम संपवून कपडे बदलण्यासाठी तळघरात गेल्या असता त्यांच्यावर तेथीलच एका कर्मचाऱ्याने पाशवी हल्ला केला. १८ मे २०१५ रोजी त्यांनी अखेरचा श्वास घेतला, तोवर म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्याच रुग्णालयाच्या परिचारिकांनी त्यांना पोटच्या मुलीसारखे सांभाळले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही या सेवेचा मुक्तकंठाने गौरव केला. गौरव झाला, पण मूळ प्रश्न सुटला काय? ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. प्रदीर्घ पाळीत घटकाभर पाठ टेकण्यासाठी ती सभाकक्षात गेली होती. एकीला कपडे बदलण्यास सुरक्षित खोली नव्हती, दुसरीला निजण्यास नव्हती. या दोन घटनांमध्ये अर्धे शतक उलटून गेले आहे.

देहाचा थकवा निदान दिसतो. मनाचा दिसत नाही. जिला 'बर्नआउट' म्हणतात त्या मनाच्या होरपळीची जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या वर्गीकरणात नोंद केली. शक्ती संपणे, कामाविषयी मन विटणे आणि हातून काही नीट होत नाही असे वाटणे, ही तिची तीन लक्षणे. ही नोंद रोग म्हणून झालेली नाही, कामाच्या ठिकाणी उद्भवणारी अवस्था म्हणून झाली, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. अर्थात दोष थकणाऱ्याच्या दुबळेपणात शोधण्यापूर्वी त्याच्या कामाच्या व्यवस्थेत शोधला पाहिजे. परिचारिकांना प्राणायामाचे धडे देऊन त्यांच्या रिक्त जागा भरता येत नाहीत.

या दुरवस्थेच्या मुळाशी आपला एक लाडका शब्द आहे, आणि तो म्हणजे 'सेवा'. प्लेगच्या साथीत रुग्णांसाठी झटताना १८९७ साली सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. त्या आत्मार्पणापुढे महाराष्ट्राने नतमस्तक व्हावे हे उचितच होय. परंतु एका थोर स्त्रीने आपण होऊन केलेला त्याग ही लाखो स्त्रियांच्या नोकरीची अट होऊ शकत नाही. २००५ साली सुरू झालेल्या योजनेत 'आशा' कार्यकर्तीला स्वयंसेविका हे नाव मिळाले आणि वेतनाऐवजी कामागणिक मोबदला. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांतील स्त्रियांना कामगार मानावे, अशी शिफारस केली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा सन्मान केला. सन्मानपत्राने चूल पेटत नाही, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको.

सरकारवर ठपका ठेवून आम्हां मध्यमवर्गीयांना मात्र हात झटकता येणार नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी आपण ब्युरोतून 'चोवीस तासांची बाई' आणतो. चोवीस तासांचा माणूस ही कल्पनाच किती भयंकर आहे, याचा विचार करतो काय? ती खाटेशेजारी सतरंजीवर निजते आणि रात्रीतून चार वेळा उठते. तिच्या साप्ताहिक सुट्टीचा विषय निघताच आपल्या कपाळाला आठ्या पडतात. जेथे बाई परवडत नाही तेथे सून, मुलगी किंवा सत्तरी उलटलेली पत्नी हेच काम बिनबोभाट करते. २०१९ च्या केंद्रीय पाहणीनुसार घरच्यांच्या सेवेत वेळ देणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी १३४ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ७६. ऐन विशीतील डॉक्टर, चाळिशीतील परिचारिका आणि सत्तरीतील पत्नी यांची वये निराळी, दुखणे एकच : आपणही थकतो, हे म्हणण्याची त्यांना मुभा नाही.

मनुष्यबळ अपुरे आहे, पैसा नाही, हा आक्षेप आम्ही जाणतो. पण थकलेली माणसे टिकत नाहीत. ती आजारी पडतात, परदेशी जातात किंवा व्यवसायच सोडतात, आणि मागे राहिलेल्यांचा भार वाढतो. काटकसर म्हणून जे चालते ते वस्तुतः उधळपट्टीच आहे. सबब आमची मागणी सरळ आहे. डॉक्टर व परिचारिका यांच्या तासांची मर्यादा कागदावरून वॉर्डात यावी. प्रत्येक रुग्णालयात कडी असलेली विश्रांतीची खोली असावी. रिक्त जागा भराव्यात. आशांना कामगार म्हणावे आणि त्याप्रमाणे वेतन द्यावे. आणि वाचकांनी आपल्या घरातील शुश्रूषा करणारीला आठवड्याचा एक दिवस, रात्रीची सलग झोप आणि घरातील पुरुषांचा हातभार द्यावा. यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. मन फारच खचले तर २०२२ पासून सुरू झालेली 'टेलिमानस' ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, हेही त्यांना सांगावे.

'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून तो झाला. इतरांचे कण्हणे रात्रंदिवस ऐकणाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची इच्छा शासनाला आणि समाजाला कधी होणार, एवढेच आता पाहावयाचे आहे.