पेनाने लिहिलेली यादी

एप्रिल संपत आला की एका शुक्रवारी पहाटे सव्वापाचला आमच्या घरात गजर वाजतो. बायको डोळे न उघडताच विचारते, ‘‘लागला का तुझ्या पोरांचा निकाल?’’ मी चहाचं आधण ठेवतो, लॅपटॉप लावतो आणि कोपरे दुमडलेली एक जुनी वही पुढ्यात घेतो. तिकडे अमेरिकेत तेव्हा गुरुवारची रात्र असते आणि एनएफएलचा ड्राफ्ट सुरू होत असतो.

थांबा, पान उलटू नका! अमेरिकन फुटबॉल कळत नसला तरी चालेल. मलाही कळत नव्हता. ड्राफ्ट मात्र तुम्हाला नक्की कळेल, कारण आपण सगळेच कधी ना कधी त्यातून गेलोय. एका बाजूला कॉलेजात खेळणारी उत्तमोत्तम पोरं, दुसऱ्या बाजूला ३२ व्यावसायिक संघ. सात फेऱ्या. पाळी आली की संघानं एक नाव घ्यायचं. आयपीएलसारखी बोली वगैरे भानगड नाही. आणि पाळी कशी ठरते? अकरावीच्या ॲडमिशनच्या बरोब्बर उलटी! आदल्या मोसमात जो सगळ्यात ढ, त्याला पहिली पसंती. १९३६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात हा प्रकार सुरू झाला तो याच हिशेबानं, की बड्या संघांनीच सगळी चांगली पोरं पळवू नयेत. ज्याचं नाव पुकारलं जातं त्या बिचाऱ्याला ‘बाबा रे, तुला कुठे जायचंय?’ असं कुणी विचारत नाही. कॅम्पस इंटरव्ह्यूनंतर ‘लोकेशन : चेन्नई’ असं पत्र हातात पडलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

माझा संघ क्लीव्हलंड ब्राउन्स. तो मी निवडला नाही, नशिबी आला. २००६ मध्ये कंपनीनं मला सहा महिन्यांच्या प्रोजेक्टवर ओहायोत धाडलं आणि मी आठ वर्षं राहिलो. क्लीव्हलंडला खेटून पार्मा नावाचं गाव आहे, तिथे भाड्यानं घर मिळालं. शेजारी एक आजोबा राहायचे. मोटारींचे पत्रे बनवायच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे, तोंडानं फटकळ. त्यांचं पोलिश आडनाव माझ्या जिभेला काही केल्या वळेना, म्हणून मी त्यांना ‘नाना’ म्हणायला लागलो. इंग्रजीत नाना म्हणजे आजी हे मला फार उशिरा कळलं. तोवर त्यांनी ते मुकाट्यानं चालवून घेतलं होतं.

एप्रिल २००७ मध्ये नानांनी मला ड्राफ्ट बघायला बोलावलं. ताटात पिएरोगी होते. बटाटा आणि चीजचं सारण भरून उकडलेल्या करंज्याच म्हणा ना! समोर टीव्ही, आणि टेबलावर ही वही. नानांचा नियम एकच. आपल्या संघानं कुणाला घ्यायला हवं ते नाव पुकारण्याआधी लिहायचं. पेनानं. नंतर खाडाखोड नाही.

‘‘पेन्सिलनं काय बिघडतं?’’ मी विचारलं.

‘‘पेन्सिलनं लिहिलं की प्रत्येक जण हुशार होतो,’’ नाना म्हणाले.

ब्राउन्सची पाळी तिसरी होती. मी लिहिलं ब्रेडी क्विन. ओहायोचाच मुलगा, देखणा, आणि क्वार्टरबॅक. म्हणजे संघाचा मेंदू, सगळे पास तोच फेकणार, फोटोही त्याचेच छापून येणार. नानांनी लिहिलं जो थॉमस. हा लेफ्ट टॅकल. क्वार्टरबॅक पास फेकत असताना त्याच्या पाठीमागून येणाऱ्यांना छातीवर घ्यायचं, एवढंच याचं काम. बॉलला हात लावायचा संबंधच नाही. त्या दिवशी क्विन न्यूयॉर्कच्या सभागृहात सूटबूट घालून कॅमेऱ्यासमोर बसला होता आणि थॉमस वडिलांबरोबर लेक मिशिगनवर मासे पकडत होता!

ब्राउन्सनी तिसऱ्या नंबरावर थॉमसला घेतलं. क्विनचं नाव काही येईना. तासन् तास कॅमेरा त्याच्या पडलेल्या चेहऱ्यावर. शेवटी २२ व्या पाळीला त्यालाही ब्राउन्सनीच घेतलं, त्यासाठी पुढच्या वर्षीची पहिली पसंती देऊन टाकली. मी उड्या मारल्या. नाना पिएरोगी खात राहिले. तीन वर्षांत क्विन दुसऱ्या संघात गेला. थॉमस सलग १०,३६३ डाव मैदानाबाहेर न जाता खेळला आणि २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोचला. एकाच संघात ११ वर्षं काढली, पण प्लेऑफचा एकही सामना त्याच्या नशिबी आला नाही. आता बोला!

वहीतली पुढची पानं फार अभिमानानं दाखवावीत अशी नाहीत. २०१२ : मी लिहिलं ट्रेंट रिचर्डसन. ब्राउन्सनीही त्यालाच घेतलं. मी कॉलर ताठ करून फिरलो. पुढच्याच सप्टेंबरात त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. त्याच ड्राफ्टमध्ये रसेल विल्सन नावाचा क्वार्टरबॅक, उंचीला कमी म्हणून, ७५ व्या नंबरापर्यंत खाली घसरला. दोन मोसमांत त्यानं सिॲटलला सुपर बोल जिंकून दिला. माझ्या वहीत त्याचं नावही नाही. वही नसती तर आज मी तुम्हाला खुशाल सांगितलं असतं, ‘‘विल्सन? मला तेव्हाच वाटलं होतं!’’ आपण सगळे हे करतो. शेअर्सबद्दल करतो, फ्लॅटबद्दल करतो, मित्राच्या मोडलेल्या लग्नाबद्दल तर हमखास करतो.

२०१४ मध्ये मी पुण्याला परतलो. नानांनी वही माझ्या बॅगेत कोंबली आणि स्वतःसाठी नवी आणली. तेव्हापासून ड्राफ्टच्या पहाटे फोनवर दोघं आपापलं नाव वाचून दाखवतो.

२०१७ चा मोसम तर विचारूच नका. १६ सामने, १६ पराभव. क्लीव्हलंडच्या लोकांनी जानेवारीच्या गोठवणाऱ्या थंडीत स्टेडियमभोवती या ‘परिपूर्ण’ मोसमाची मिरवणूक काढली. नाना त्यात चालून आले आणि आठवडाभर शिंकत बसले. बक्षीस म्हणून २०१८ च्या ड्राफ्टची पहिली पसंती आमची! मी पेनानं, ठळक लिहिलं : सॅम डार्नोल्ड, क्वार्टरबॅक. नानांनी सवयीप्रमाणे आडदांड गार्ड लिहिला, क्वेंटन नेल्सन. ब्राउन्सनी घेतलं बेकर मेफील्डला. डार्नोल्ड तिसऱ्या नंबरावर न्यूयॉर्क जेट्सकडे गेला.

आणि तिथे त्याचं जे झालं ते बघवत नव्हतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये पेट्रिअट्सविरुद्ध जेट्स ३३-० असे हरले. बाकावर बसलेल्या डार्नोल्डच्या कपड्यांना माइक लावलेला होता. तो पुटपुटला, ‘‘मला भुतं दिसतायत.’’ हे देशभर टीव्हीवर ऐकू गेलं. झालं! पोराचा जन्माचा विनोद झाला. २०२१ मध्ये जेट्सनी त्याला कॅरोलिनाकडे धाडलं. पुढे तो सॅन फ्रान्सिस्कोत राखीव म्हणून बसला, मग मिनेसोटा, मग सिॲटल. मला ते पान फाडायचं होतं. खोटं कशाला सांगू, एकदा अर्धं फाडलंही. नंतर सेलोटेप लावली.

आता येऊ ९ फेब्रुवारी २०२६ च्या सोमवारी. आपल्याकडची पहाट, तिकडची रविवार संध्याकाळ, सुपर बोल. सिॲटल विरुद्ध तेच पेट्रिअट्स. आणि सिॲटलचा क्वार्टरबॅक सॅम डार्नोल्ड! सिॲटल २९-१३ जिंकलं. मी सोफ्यावर उभा राहून ओरडलो. मग वही काढली, सेलोटेप लावलेल्या पानाचा फोटो काढला आणि नानांना पाठवला. खाली लिहिलं : ‘‘२०१८. पेनानं.’’

दोन मिनिटांत फोन. आवाज आता खूप थकलाय, पण फटकळपणा शाबूत.

‘‘तू चुकलाच होतास,’’ नाना म्हणाले.

‘‘अहो, सुपर बोल जिंकला तो!’’

‘‘सिॲटलसाठी. आपल्याकडे आला असता तर तिसऱ्या वर्षी संपला असता. पोरा, एकोणीस वर्षं तू फक्त पोरांची नावं लिहितोयस. घराचं नाव कधी लिहिलंस?’’

मला उत्तर सुचेना. १९९९ पासून आमच्या ब्राउन्सनी चाळीसहून अधिक क्वार्टरबॅक वापरलेत. क्लीव्हलंडमध्ये एक जर्सी प्रसिद्ध होती. तिच्या पाठीवर जुन्या क्वार्टरबॅकच्या नावाखाली नवं नाव चिकटवत जायचे, आणि ती यादी लांबतच गेली. आम्ही दर वेळी म्हणायचो, पोरगं चुकीचं निवडलं. चाळीस वेळा पोरगंच चुकीचं?

हे सगळं आज सांगतोय त्याला कारण आहे. त्याच सोमवारी ऑफिसात मला एक फॉर्म भरायचा होता. आदल्या वर्षी कॅम्पस पॅनेलवर बसून मीच निवडलेला एक मुलगा. इंटरव्ह्यूत एकदम कडक! जुलैमध्ये रुजू झाला आणि सात महिन्यांत पार ढेपाळला. मीटिंगमध्ये गप्प, कोडमध्ये चुका, विचारलं की ‘सॉरी सर’. फॉर्ममध्ये माझा शेरा तयार होता : ‘अपेक्षेस उतरला नाही.’ त्यानंतर काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच.

फोन ठेवल्यावर मी त्याची फाइल पुन्हा उघडली. सात महिन्यांत तीन लीड बदललेले. दोन वेगवेगळ्या टेक्नॉलॉजी. पहिल्या लीडनं राजीनामा दिला तेव्हा दीड महिना त्याला कुणी काम शिकवलंच नव्हतं. हे सगळं माझ्याच सहीनं झालं होतं. आमचा मजला म्हणजे क्लीव्हलंड झाला होता आणि मी पोराच्या नावावर फुली मारायला बसलो होतो.

दुपारी त्याला कँटीनमध्ये घेऊन गेलो. म्हटलं, ‘‘उद्यापासून माझ्या टीममध्ये ये. सहा महिने. रोज अर्धा तास मी तुझ्याबरोबर बसणार.’’ तो घाबरून म्हणाला, ‘‘सर, म्हणजे मला काढणार आहात का?’’ बघा, त्यालाही भुतं दिसत होती.

आता यापुढे ‘आणि तो मुलगा आज स्टार आहे’ असं लिहायला मला खूप आवडलं असतं. पण निकाल अजून लागायचाय. कदाचित मी इथेही चुकेन. त्या रात्री मी वहीत एक नवं पान काढलं. त्याचं नाव लिहिलं, आणि नानांनी सांगितल्याप्रमाणे शेजारी घराचं. म्हणजे माझं.

पेनानं.