चटई रोज कुठे टाकायची?

मंडळी, २१ जून होऊन दोन आठवडे झाले. योगदिनाचे फोटो खाली सरकले, वाटलेले टी-शर्ट कपाटात गेले. आता शांतपणे बोलायला हरकत नाही.

आधीच सांगतो, मी योगदिनाच्या विरोधात नाही. ११ डिसेंबर २०१४ ला संयुक्त राष्ट्रांत तो ठराव झाला, १७७ देश सहप्रायोजक होते, २०१५ पासून जगभर हा दिवस साजरा होतो. चांगलंच आहे. पण आपल्या पनवेलसाठी ही तारीख जरा अवघड आहे. नेमका त्याच सुमारास पाऊस धरतो. उद्यानातलं गवत चिंब, गच्चीवर शेवाळ, बाकं ओली. सभागृहात हजार लोकांबरोबर २१ तारखेला कुणी मनापासून संकल्प केला, तर २२ तारखेला तो माणूस चटई टाकणार कुठे?

घरात म्हणाल, तर कामोठ्यात, कळंबोलीत, जुन्या पनवेलच्या चाळीत वन-रूम किचन किंवा वन बीएचके. हॉलमध्ये दिवाण, कपाट, टीव्ही, आणि सकाळी सहाला जमिनीवर झोपलेली दोन मुलं. हात पसरले तर एक शोकेसला लागतो, दुसरा फ्रिजला. आणि आपण त्याला म्हणतो, ‘तुझ्यात चिकाटी नाही रे.’

माझंच सांगतो. मी तीनदा सुरू केलं. पहिल्यांदा पैसे भरून क्लास लावला. तिथे संध्याकाळची बॅच सातची आणि मी सीएसएमटीहून सव्वा तास लटकत पनवेलला उतरायचो साडेसातला. तीन महिन्यांत सुटलं. दुसऱ्यांदा मोबाईलवर व्हिडिओ बघून चालू केलं. आठव्या दिवशी उत्साहाच्या भरात भिंतीला पाय लावून शीर्षासन केलं आणि पुढचे तीन आठवडे मान एका बाजूला धरून फिरलो. डॉक्टरांनी विचारलं, ‘कुणी शिकवलं?’ मी काय सांगणार! तिसऱ्यांदा मात्र टिकलं. सहा वर्षं झाली. माझ्यात काही मोठा बदल झाला म्हणून नाही हं. आमच्या शेजारचे एक निवृत्त गुरुजी बिल्डिंगखाली पार्किंगच्या कोपऱ्यात सतरंजी टाकून बसायचे. ते रोज सकाळी माझ्या खिडकीकडे बघून फक्त घसा खाकरायचे. त्या खाकरण्यावर माझा योगाभ्यास उभा आहे.

म्हणून माझं मत सरळ आहे. सुरुवात इच्छेने होते, पण अभ्यास टिकतो तो जागा, वेळ आणि सोबत या तीन गोष्टींवर. आपल्या गावांतला हरिपाठ बघा ना. रोज संध्याकाळी देवळात चार टाळकरी जमतात, पाऊस असो नाहीतर लग्नसराई. कुणी ‘मोटिव्हेशन’ मागत नाही. देऊळ ठरलेलं, वेळ ठरलेली, आणि एक जण आला नाही तर दुसरा विचारतो, ‘काल कुठे होतास?’ पतंजलींनीही हेच सांगितलंय की अभ्यास दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केला तरच पक्का होतो. किती कठीण आसन जमतं, ही अट त्यात नाही.

आता ज्यांना खरंच सुरू करायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं.

वीस मिनिटं पुरतात. तासभराचा संकल्प करू नका, तो चौथ्या दिवशी मोडतो. उभ्याने ताडासन आणि कटिचक्रासन, मग मार्जारासन, पोटावर झोपून भुजंगासन, पाठीवर पवनमुक्तासन. शेवटी पाच मिनिटं शवासन, ते गाळू नका. प्रत्येक आसनात चार-पाच सावकाश श्वास. ताण जाणवावा, कळ येऊ नये. कळ आली की थांबायचं, तिथे मर्दुमकी दाखवायची नाही.

पोट रिकामं हवं. सकाळ जमत नसेल तर जेवणानंतर तीन-चार तासांनी कधीही. तळोजा एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्याला ब्राह्ममुहूर्ताचं प्रवचन देऊ नका. त्याची सकाळ दुपारी चारला होते. त्याने चारला करावं, पण रोज चारलाच.

खाली बसता येत नसेल तर खुर्ची घ्या. यात कमीपणा नाही. बी. के. एस. अय्यंगार लहानपणी सतत आजारी असायचे, अगदी क्षयसुद्धा झाला होता. १९३७ मध्ये पुण्यात आले, आणि पुढे खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे, दोर वापरून म्हाताऱ्या आणि दुखऱ्या माणसांनाही आसनं करता येतील अशी पद्धत त्यांनी घडवली. आज जगभर योगवर्गात ते ठोकळे दिसतात. मग आपल्या आजीने प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून केलं तर काय बिघडलं?

काही गोष्टी मात्र व्हिडिओ बघून करायच्याच नाहीत. रक्तदाब जास्त असेल, हृदयविकार, हर्निया असेल किंवा बाई गरोदर असेल तर कपालभाती आणि श्वास कोंडणं नको. मणक्याची गादी सरकली असेल तर पुढे वाकणं नको. काचबिंदू किंवा मानेचा त्रास असेल तर शीर्षासन नको. आधी डॉक्टर, मग शिक्षक, मग चटई. माझ्या मानेने हे शिकवलंय, फुकट सांगतोय.

आणि हो, योगाने सगळं बरं होतं असं सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने २०१७ साली जुनाट कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी करून बघायच्या उपायांत योगाचं नाव घेतलं. याचा अभिमान बाळगा. पण म्हणून कुणी साखरेच्या गोळ्या बंद करा, कॅन्सरचे उपचार सोडा म्हणत असेल, तर तिथून उठून निघा. घाट चढून गेलं की लोणावळा. तिथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं, ते आसन-प्राणायामाने शरीरात काय होतं हे यंत्रं लावून तपासायला. परिणाम आधी मोजायचा आणि मग बोलायचं, ही आपल्या शेजारचीच परंपरा आहे. तीच धरू या. शिवाय सावकाश आसनं म्हणजे चालण्याला पर्याय नव्हे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. पाऊस उघडला की वडाळे तलावाला चार फेऱ्या माराव्याच लागतील.

आता जरा टोचणारं. आमच्या पार्किंगमध्ये सुरुवातीला आम्ही सात जण होतो, सातही पुरुष. एकदा गुरुजींनी विचारलं, ‘तुमच्या घरच्या बायका का येत नाहीत?’ आम्ही म्हणालो, त्यांना आवड नाही. घरी येऊन बायकोला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, ‘तुमचं शवासन चालतं तेव्हा तुमचा डबा कोण भरतं?’

उत्तर नव्हतं. सकाळी सहा ते सात ही वेळ ‘सगळ्यांसाठी मोकळी’ आहे हे ठरवलं कुणी? ज्यांना चहा आयता मिळतो त्यांनी. कंबर मात्र तिचीही दुखते, किंबहुना जास्तच. मग आम्ही दोन बदल केले. मी आठवड्यातून तीन दिवस कणीक मळून भाजी चिरून देतो (पोळ्या अजून नकाशासारख्याच होतात), आणि बिल्डिंगमधल्या बायकांनी दुपारी चारची वेगळी बैठक सुरू केली. आज सकाळी आम्ही नऊ असतो, दुपारी त्या चौदा. घरातल्या एकाचा योग दुसऱ्याच्या पाठीवर उभा राहत असेल, तर त्याला योग म्हणायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं.

वर्ष-दोन वर्षं झालेले लोक विचारतात, पुढे काय? बहुतेकांना वाटतं पुढे म्हणजे अवघड आसन, पाय डोक्यामागे वगैरे. मला तसं वाटत नाही. अष्टांगात आसन तिसरं आहे, त्याच्या आधी यम आणि नियम. म्हणजे खरं बोलणं, दुसऱ्याचं न लुबाडणं, समाधान. पुढे जायचं तर तेच आसन जास्त वेळ, कमी धडपडीने करा. दहा आसनांऐवजी पाच करा, पण श्वास कुठे अडतो ते बघत. प्राणायाम काही महिन्यांनी आणि जाणत्याच्या समोर बसून. हठप्रदीपिकेत म्हटलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवतात तसा श्वास ताब्यात आणावा, घाई केली तर तो साधकालाच खातो. आणि प्रगती तपासायची तर आरशात बघू नका. लोकल पंचवीस मिनिटं लेट आहे अशी घोषणा झाल्यावर आपल्या तोंडातून काय बाहेर पडतं ते ऐका. माझ्या तोंडातून अजूनही पडतं, पण पूर्वीपेक्षा कमी.

आता मुद्द्याची गोष्ट, जिच्यासाठी एवढं लिहिलं.

१ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महापालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. २० प्रभाग, ७८ नगरसेवक. आपण तिच्याकडे पाणी मागतो, रस्ते मागतो, मागायलाच हवेत. त्यात आणखी एक छोटी मागणी जोडू. प्रत्येक प्रभागात एक कोरडी, छप्पर असलेली, दिवा-पंखा असलेली जागा रोज सकाळी सहा ते साडेसात आणि दुपारी चार ते साडेपाच नागरिकांना विनामूल्य उघडी ठेवा. नवं काही बांधू नका. शाळा सकाळी सहाला बंद असते. समाजमंदिराला दुपारी कुलूप असतं. गावदेवीचा सभामंडप रिकामा असतो. लागतो तो किल्ली देणारा माणूस, एक झाडू आणि जबाबदारी घेणारे स्थानिक पाच जण. ठाण्याचं अंबिका योग कुटीर, नागपूरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ, या संस्था कित्येक दशकं विनामूल्य योग शिकवत आल्यात. पैशावाचून हे चालतं, हे आपल्या महाराष्ट्रात सिद्ध झालंय. एका दिवसाच्या मंडपाचा, बॅनरचा आणि टी-शर्टचा खर्च त्या पंख्यांच्या वीजबिलाला लावला तरी मला आनंद होईल.

अट एकच असावी. ती जागा कुठल्या पक्षाची, बाबाची किंवा कंपनीची होता कामा नये. नमाज पढणारी खाला, चर्चला जाणारे अंकल आणि देव न मानणारा कॉम्रेड यांनाही तिथे चटई टाकताना परकं वाटू नये. कंबर सगळ्यांची सारखीच दुखते.

आणि जोवर महापालिका ऐकत नाही, तोवर सोसायट्यांनी तरी ऐकावं. आम्ही पार्किंगमधून हॉलमध्ये जायचं म्हटलं तेव्हा कमिटीने ‘वापर शुल्क’ सांगितलं होतं. वर्षभर अर्ज केले. शेवटी गुरुजींनी सेक्रेटरींनाच सकाळी बोलावून शवासनात झोपवलं. ते घोरायला लागले. उठल्यावर म्हणाले, ‘उद्यापासून हॉल उघडतो.’ हा उपाय तुम्हीही करून बघा.

तर मंडळी, विनंती एवढीच. तुमच्या प्रभागातली एक रिकामी, कोरडी जागा शोधा आणि तिचं नाव इथे खाली लिहा. शाळा, समाजमंदिर, सभामंडप, काहीही. यादी झाली की आपण चार जण मिळून निवेदन घेऊन जाऊ. आणि उद्या सकाळी शेजाऱ्याच्या खिडकीकडे बघून एकदा घसा खाकरा. तो चिडेल. परवा खाली येईल.