अमेरिकेच्या कोर्टांत जातीचा दाखला

आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंचीं मुलें आतां अमेरिकेस जाऊं लागलीं आहेत. कुणी शेत गहाण टाकतो, कुणी बँकेचें कर्ज काढतो आणि मुलास पाठवितो. पोर विमानांत बसलें कीं आईबापांस घोर लागतो तो एकच: तेथले लोक आपल्या पोरास कसें वागवितील? प्रश्न रास्त आहे. परंतु तेथें गेलेल्या आपल्या लोकांनीं स्वतःची ओळख काय म्हणून सांगितली, हेंही विचारलें पाहिजे. त्याविषयींची एक खरी हकीकत आज वाचकांपुढें ठेवतों.

विसाव्या शतकाच्या आरंभीं पंजाबांतले शेतकरी, बहुतेक शीख, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेले. लांकडाच्या गिरण्यांत ओंडके वाहिले, रेल्वेच्या कामावर राबले, कॅलिफोर्नियांत शेती केली. गोऱ्यांनीं त्या सर्वांस एकच नांव दिलें: 'हिंदू'. शीख असो, मुसलमान असो, सगळे हिंदू! ४ सप्टेंबर १९०७ रोजीं बेलिंगहॅम गांवीं गोऱ्या मजुरांच्या जमावानें त्यांच्या बिऱ्हाडांत शिरून मारझोड केली व त्यांना गांवाबाहेर घालविलें. कारण काय, तर हे स्वस्तांत राबतात व आमची मजुरी बुडवितात. मजुरी ठरविणार गिरणीमालक, पण राग निघाला तो शेजारच्या मजुरावर. उपाशी माणसास उपाशी माणसाच्या अंगावर घालण्याची ही युक्ति आपल्याही ओळखीची आहे.

भगतसिंग थिंद हे १९१३ सालीं तेथें गेले. गिरणींत राबले, पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्या पलटणींत भरती झाले आणि नागरिकत्व मागितलें. पण १७९० पासून तेथला कायदा असा कीं, बाहेरून आलेला मनुष्य गोरा असेल तरच त्यास नागरिक करावें. १८७० सालीं त्यांत आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर पडली. आमचे लोक दोहोंत कोठेंच बसेनात. तेव्हां थिंद यांच्या बाजूनें कोर्टांत काय सांगण्यांत आलें? आम्ही उच्च जातीचे हिंदू, आर्य रक्ताचे, म्हणून गोरेच! इतकेंच नव्हे, तर गोरा अमेरिकन काळ्या माणसाशीं जशी सोयरीक करीत नाहीं, तशी आमच्याकडचा उच्च जातीचा मनुष्य हिंदुस्थानांतल्या मूळच्या रहिवाशांशीं करीत नाहीं, हाही मुद्दा पुढें केला. ज्या पंथाच्या गुरूंनीं सर्वांस एका पंगतींत जेवावयास बसविलें, त्या पंथाच्या माणसाकरितां परक्या कोर्टांत जातीचा दाखला काढण्यांत आला! कायद्यानें माणुसकीची वाट ठेवलीच नव्हती, हें आम्ही कबूल करतों. पण अडचणींत सांपडलेल्या माणसाच्या हातीं पहिलें हत्यार लागलें तें जातीचें, हें विसरतां येत नाहीं.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजीं सुप्रीम कोर्टानें एकमतानें थिंद यांच्याविरुद्ध निकाल दिला. न्यायमूर्ति सदरलंड यांच्या म्हणण्याचा भावार्थ असा कीं, पंडितांचे आर्यवंशाचे वाद येथें कामाचे नाहींत. सामान्य माणूस ज्यास गोरा समजतो तोच गोरा. शिवाय जातीचे नियम असूनही रक्त मिसळलेंच आहे, असेंही सुनावलें. ज्या दाखल्यावर आमच्या देशांत पिढ्यान् पिढ्या विहिरी व देवळें बंद झालीं, तो दाखला तेथें कवडीमोल ठरला.

पुढें कित्येकांचें मिळालेलें नागरिकत्व काढून घेण्यांत आलें. ज्यास नागरिक होतां येत नाहीं त्यानें जमीन घेऊं नये, असा कॅलिफोर्नियांत १९१३ चा कायदा होता. त्याचा फांस आतां पंजाबी शेतकऱ्यांच्या गळ्याला बसला. कसणारा एक, कागदावर नांव दुसऱ्याचें. सातबाऱ्याची किंमत जाणणाऱ्यास हें दुःख अधिक सांगावयास नको.

१९४६ सालीं हिंदी लोकांस नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण दरसाल अवघ्या १०० माणसांस प्रवेश. दार खरें उघडलें तें १९६५ च्या कायद्यानें. त्या कायद्यामागें बळ कोणाचें? अमेरिकेंतल्या काळ्या लोकांनीं लाठ्या खाऊन, तुरुंग भोगून १९६४ सालीं नागरी हक्कांचा कायदा मिळविला, त्याच लाटेंत हें दार उघडलें. ज्यांच्याहून आम्ही श्रेष्ठ म्हणून कोर्टांत सांगितलें, त्यांच्याच कष्टांवर आमचे डॉक्टर व इंजिनियर तेथें पोंचले.

आतां तेच लोक 'हे हिंदी मोठे हुशार, कष्टाळू' म्हणून आपली पाठ थोपटतात. बंधूंनो, या शाबासकीनें फुगूं नका. ती पुष्कळदां दुसऱ्या गरिबास हिणविण्यासाठीं दिलेली असते. आणि वारा फिरला कीं ती टिकतही नाहीं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनीं ॲरिझोनांत पेट्रोल पंपाच्या एका शीख मालकास केवळ पागोट्यावरून शत्रु समजून गोळी घातली गेली.

२०२३ सालीं सिॲटल शहरानें जातिभेदास कायद्यानें बंदी केली. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानें तसें बिल मंजूर केलें, तें मात्र गव्हर्नरांनीं नाकारलें. आपल्यांतलेच कांहीं लोक म्हणाले, अशा कायद्यानें आमची सर्वांची बदनामी होते. परक्या मुलखांत बोट दाखविलें जाण्याची भीति आम्ही समजूं शकतों. पण बदनामी कायद्यानें होते, कीं जात बरोबर नेल्यानें? रंगावरून आम्हांस कमी लेखूं नका, असें गोऱ्यास सांगावें आणि शेजारच्या देशबंधूचें आडनांव विचारून त्याचें ताट दूर सारावें, हा कोठला न्याय?

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेंतल्या गुलामांस मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केला. ते अमेरिकेस कधीं गेले नाहींत; पण तेथील काळा गुलाम व येथील शूद्रातिशूद्र यांचें दुःख एकच, हें त्यांनीं पुण्यांत बसून ओळखलें. तीच आपली खरी ओळख.

म्हणून पोरास निरोप देतांना भाकरी, चटणी, लाडू बांधून द्या आणि एक गोष्ट सांगा. तेथें कुणी 'तूं कोण' म्हणून विचारलें, तर उंच जातीचा, गोऱ्याच्या जवळचा, असें सांगूं नकोस. कष्टकऱ्याचा मुलगा, तुझ्यासारखाच माणूस, एवढें सांग. आणि तुझ्याहून खालीं लोटलेल्या माणसाशेजारीं बसून जेव.