निविदेत नुसतं 'इंटेल प्रोसेसर' लिहू नका

मार्च जवळ आला की आपल्याकडं ५ टक्के दिव्यांग निधी आठवतो. मग घाईघाईत खरेदी, वाटप, फोटो. फोटोत लॅपटॉप कमी अन् पुढारी जास्त. अशाच एका वाटपातला लॅपटॉप परवा पाहिला. बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या एका अंध मुलाला मिळालेला. सेलेरॉन एन४०२०, ४ जीबी रॅम. तो बाणाचं बटण दाबतो अन् थांबतो. मग कुठं लॅपटॉप बोलतो.

डोळस माणसाला लॅपटॉप थोडा संथ असला तरी चालून जातं. पान उघडेपर्यंत नजर इकडंतिकडं फिरते. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याचं तसं नाही. प्रत्येक बटणाला आवाजात उत्तर आलं तरच आपण कुठं आहोत ते त्याला कळतं. दर बटणाला अर्धा सेकंद उशीर म्हणजे डोळे बांधून चालणाऱ्याला काठी उशिरा लागण्यासारखं.

यात 'कोअर किती' यापेक्षा एकेक कोअर किती चपळ हे महत्त्वाचं, कारण स्क्रीन रीडरचं बरंचसं काम एका रांगेतच चालतं. ८ कोअर असले म्हणून तो ८ पट लवकर बोलत नाही. महागडं ग्राफिक्स कार्ड तर इथं निव्वळ वाया. तेच पैसे ८ जीबी रॅम आणि एसएसडीत घाला.

आता खरी गोम. इंटेलनं २०२३ पासून लॅपटॉपच्या नव्या स्वस्त चिपांवरचं सेलेरॉन, पेंटियम हे नाव काढलं. त्या आता नुसत्या 'इंटेल प्रोसेसर' म्हणून येतात. म्हणजे निविदेत 'इंटेल प्रोसेसर' एवढंच लिहिलं तर ठेकेदार सगळ्यात हलका माल देणार, आणि कागदावर तो बरोबरच असणार! 'आय५' लिहूनही भागत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या आय५ पेक्षा १२व्या पिढीचा आय३-१२१५यू बराच चपळ आहे. तेव्हा पिढी लिहा, मॉडेल लिहा. आणि निविदा काढण्याआधी एका तरी अंध माणसाला यंत्र हाताळायला द्या. समाजकल्याणच्या टेबलावर बसून हे कळत नाही.

'फुकट मिळालंय, चालवून घ्या' असं म्हणणारे भेटतात. फुकट कसलं? कायद्यानं त्यांच्यासाठीच राखलेला पैसा आहे तो.

घरचे लोक स्वतः घेणार असतील तर एक करा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे, पेनड्राइव्हवरून चालतो, सोबत मराठी बोलणारा ईस्पीक आवाजही येतो. पेनड्राइव्ह आणि हेडफोन घेऊन ज्याला वापरायचंय त्यालाच दुकानात न्या. क्रोममध्ये एखादी बातम्यांची मोठी वेबसाइट उघडा, एच दाबून मथळ्यामागून मथळे ऐकू द्या. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघा.