मालगुडीचं घर आणि आंब्याचं गणित

मालगुडी हे गाव भारताच्या कुठल्याच नकाशात नाही. आर. के. नारायण यांनी १९३५ साली 'स्वामी अँड फ्रेंड्स' या कादंबरीत ते वसवलं, आणि ते राहिलं वाचणाऱ्यांच्या मनात. तरीही "आम्ही मालगुडीला जाऊन आलो" असं सांगणारी माणसं भेटतात. ती खोटं बोलत नसतात. ती बहुधा आगुंब्याला जाऊन आलेली असतात.

१९८६ साली दूरदर्शनवर 'मालगुडी डेज' ही मालिका आली. शंकर नाग यांनी तिचं बरंचसं चित्रीकरण कर्नाटकातल्या शिवमोगा जिल्ह्यात, तीर्थहळ्ळी तालुक्यातल्या आगुंबे या लहानशा गावात केलं. 'दोड्डमने', म्हणजे मोठं घर, नावाचा तिथला शंभर वर्षांहून जुना वाडा हे झालं स्वामीचं घर. मास्टर मंजुनाथ स्वामी झाला आणि गिरीश कर्नाड त्याचे कडक वडील. एल. वैद्यनाथन यांची ती धून कानावर पडली की हातातलं काम टाकून टीव्हीपुढे बसणारी पिढी आज पन्नाशीच्या आसपास आहे.

त्याच पिढीतला बेळगावचा एक बँक अधिकारी. जून २०२२ मध्ये त्याची बदली शिवमोग्याला झाली, तीही एका वर्षासाठी. घरच्यांनी नाकं मुरडली. याला मात्र मनातून आनंद झाला. शिवमोग्याहून आगुंबे जेमतेम ९० किलोमीटर! वर्षभरात तो चारदा 'मालगुडी'ला गेला.

पहिली खेप जुलैतली. आंबोलीचा पाऊस ज्यानं पाहिलाय, त्यालाच आगुंब्याच्या पावसाची कल्पना यावी. या गावाला दक्षिणेचं चेरापुंजी म्हणतात. वर्षाला सात हजार मिलिमीटरहून जास्त, म्हणजे पुण्याच्या जवळजवळ दहापट पाऊस इथे पडतो. रस्त्यावर दहा पावलांपुढचं दिसेना. दोड्डमनेचा दरवाजा लोटलेला, ओसरीवर दोरीवर ओले कपडे टांगलेले. छत्री धरून तो पाच मिनिटं समोर उभा राहिला आणि तसाच परतला. गाडीत बसल्यावर पाहिलं, तर पायाला दोन जळवा! मालिकेतल्या उन्हात धावणारा स्वामी काही त्याला दिसला नाही. दिसलं ते पावसात आपापली कामं उरकणारं एक गाव.

दुसरी खेप डिसेंबरमधली. आकाश मोकळं होतं. या वेळी तो घरात गेला. नक्षीदार लाकडी खांब, मधला उघडा चौक, सगळं ओळखीचं. त्यानं मोबाइल काढला आणि फोटो काढत सुटला. काढता काढता आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत पोचला, तेव्हा मागून कुणीतरी कन्नडमध्ये विचारलं, "जेवण झालं का?" तो ओशाळला. परक्याच्या घरात आपण न विचारता शिरलोय, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. घरच्यांनी त्याला चौकात बसवून गरम कषाय पाजलं. किती द्यायचे, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, "जे वाटेल ते द्या."

रात्री फोटो पाहताना त्याला एक गोष्ट जाणवली. पन्नासेक फोटोंत खांब होते, जिने होते, कौलं होती, पण माणूस एकही नव्हता. आणि आपण त्या घरात नेमकं काय शोधत होतो, हा प्रश्न त्याला तिथून पुढे छळू लागला.

उत्तर त्याला ठाऊक होतं, फक्त कबूल करायचं नव्हतं. स्वामीची गोष्ट त्याला एवढी जवळची वाटे, ती स्वामीच्या वडिलांमुळे. त्याचे वडील, अण्णा, शाळेत गणिताचे मास्तर. संध्याकाळी सोप्यावर बसवून पाढे घ्यायचे. घरात टीव्ही नव्हता. 'मालगुडी'च्या वेळी अण्णांची नजर चुकवून तो शेजाऱ्यांकडे पळे.

स्वामीचं ते आंब्यांचं गणित अनेकांना आठवत असेल. १० आंबे विकून रामाला १५ आणे मिळवायचे आहेत, कृष्णाला आंबे हवेत फक्त ४, तर त्यानं पैसे किती द्यावेत? हिशेब मांडायचा सोडून स्वामीला प्रश्न पडतो, आंबे पिकलेले होते की कच्चे? एके दिवशी अण्णांनी नारळांचं गणित घातलं, तेव्हा या दहा वर्षांच्या पोरानं तसंच विचारलं, "अण्णा, नारळ ओले होते की सुके?" उत्तरादाखल एक सणसणीत चपराक बसली.

चपराक काही फार मोठी गोष्ट नव्हती. त्या काळी घराघरांत ती मिळायची. पण त्यानंतर त्यानं अण्णांना विनाकारण काही विचारायचं सोडलं. बापलेकांचं बोलणं आईमार्फत चाले. पुढे आई गेली आणि मध्ये बोलणारं कुणी उरलं नाही. "तब्येत बरी?" "बरी." "औषधं आहेत?" "आहेत." की फोन बंद.

तिसऱ्या खेपेला, फेब्रुवारीत, तो आगुंब्याच्या आधी अरसाळूला गेला. शिवमोगा ते तालगुप्पा या रेल्वेमार्गावरचं हे झाडीतलं छोटं स्टेशन मालिकेत मालगुडीचं स्टेशन झालं होतं. तिथल्या ब्रिटिशकालीन जुन्या इमारतीत रेल्वेनं २०२० साली 'मालगुडी' संग्रहालय उभारलं. मालिकेचे कलादिग्दर्शक जॉन देवराज यांचाही त्यात हात आहे. आत फिरताना त्याला एकेक जण आठवत गेले. शंकर नाग मराठी रंगभूमीवर वावरलेले, '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या लेखनात सहभागी झालेले. ३० सप्टेंबर १९९० रोजी मोटार अपघातात ते गेले, तेव्हा वय होतं अवघं ३५. स्वामीची आई झालेल्या वैशाली कासरवळ्ळी २०१० साली गेल्या. ज्यांच्या रेखाचित्रांनी मालगुडीला चेहरा दिला, ते नारायण यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण २०१५ साली पुण्यात गेले. आणि २०१९ साली स्वामीचे वडील, गिरीश कर्नाडही गेले.

आपले अण्णा मात्र आहेत, हे त्याला त्या फलाटावर एकाएकी जाणवलं. वेळ नसतानाही त्यानं फोन लावला.

"अण्णा, मालगुडी स्टेशनवरून बोलतोय."

पलीकडे क्षणभर शांतता. मग अण्णा म्हणाले, "गाडी वेळेवर आहे का?"

तीस-पस्तीस वर्षांत अण्णांनी केलेला हा पहिला विनोद! तो हसला. पलीकडूनही हसल्यासारखा आवाज आला. फोन ठेवता ठेवता अण्णा म्हणाले, "उन्हाळ्यात तिकडे येईन म्हणतो."

मे महिन्यात, बदलीची मुदत संपण्याआधी, चौथी खेप झाली. अण्णा ऐंशीला टेकलेले, हातात काठी. या वेळी त्यानं आधी विचारलं, "आत येऊ का?" आणि मगच चपला काढल्या. मोबाइल खिशातच ठेवला. अण्णा चौकात एका खांबाला टेकून बसले, वर कौलांकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "इथंच बसायचा नाही का रे तो पोरगा, पाटी घेऊन?"

"तुम्हाला कसं ठाऊक? तुम्ही तर कधी बघायला यायचा नाही."

"यायचो की. शेजाऱ्यांच्या खिडकीबाहेर उभा राहून बघायचो. आत सगळी माझ्याच शाळेची पोरं. वर्गात छडी उगारणारा मास्तर त्यांच्यात बसून हसणार कसा?"

मुलाला काही सुचेना. आपण आत मांडी घालून बसलेलो असताना वडील बाहेर अंधारात उभे असत, हे त्याला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. तीच गोष्ट, त्याच वेळी, दोघं बघत होते. मध्ये होती फक्त एक भिंत.

परतताना तीर्थहळ्ळीच्या बाजारात आंब्यांच्या करंड्या लागल्या होत्या. त्यानं गाडी थांबवली. विक्रेत्यानं डझनाचा भाव सांगितला, तसं पाकीट काढणाऱ्या मुलाचा हात अण्णांनी धरला.

"थांब. आधी विचार त्याला, आंबे पिकलेले आहेत की कच्चे?"

भाव विचारायचा सोडून हे बापलेक का हसताहेत, ते विक्रेत्याला कळलं नाही. त्या दिवशी हिशेब कुणीच केला नाही. डझनभर आंबे घेऊन दोघं घरी आले.

आवडत्या मालिकेची जागा पाहायला जाणारा माणूस बहुतेकदा खांब आणि कौलं बघून परततो. त्यातही आनंद आहेच. पण ती मालिका ज्यांच्यासोबत पाहिली, किंवा ज्यांच्या धाकानं चोरून पाहिली, त्यांच्यातलं कुणी अजून घरात असेल, तर पुढच्या खेपेला एक जागा त्यांच्यासाठी ठेवावी. भिंतीपलीकडे कोण उभं होतं, ते विचारल्याशिवाय कळत नाही.