सबमीटरची वीज: भाडेकरूच्या हाती काय?

जून-जुलै आला की इंदुरात खोल्या भरू लागतात. आपल्या सभासदांमध्ये घर भाड्याने देणारे आहेत तसेच घेणारेही, त्यामुळे "वीज किती रुपये युनिट?" हा प्रश्न आपल्याला दोन्ही बाजूंनी ऐकू येतो. मीटर मालकाच्या नावावर, खोलीत सबमीटर, आणि दर मालक सांगेल तो. बहुतेक ठिकाणी ही पद्धत इतकी रुळली आहे की त्यात काही गैर असेल असे कुणाला वाटतही नाही.

खर्च वाटून घेणे वेगळे आणि नफ्यावर वीज विकणे वेगळे. विद्युत कायदा 2003 च्या कलम 12 प्रमाणे परवान्याशिवाय विजेचा व्यापार करता येत नाही. पण खरे नुकसान युनिटमागे दोन रुपये जास्त गेल्याचे नाही, ते टप्प्यांमध्ये आहे. समजा एका मीटरवर तीन कुटुंबे आहेत आणि प्रत्येकाचा वापर महिन्याला 90 युनिट. एकूण 270 झाले की बिल वरच्या दराच्या टप्प्यात जाते. शिवाय अटल गृह ज्योती योजनेत 150 युनिटांच्या आत वापर असलेल्या पात्र ग्राहकाला पहिली 100 युनिटे 100 रुपयांत मिळतात. ती सवलत तिघांचीही बुडते. मालकाने एक पैसा वर घेतला नाही तरी हे होतेच.

यावर उपाय एकच, स्वतःच्या नावाची जोडणी. कायद्याच्या कलम 43 मध्ये मालकाबरोबर जागेचा ताबा असलेल्यालाही वीज मागण्याचा हक्क दिला आहे. घरमालक ना-हरकत पत्र देत नाही एवढ्या कारणाने भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये 'दिलीप विरुद्ध सतीश' प्रकरणात स्पष्ट केले. अर्जदार त्या जागेत राहतो की नाही, एवढेच वीज कंपनीने पाहायचे. नावावर जोडणी असली की 15 दिवसांच्या लेखी नोटिशीशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही, आणि ग्राहक तक्रार निवारण मंच व विद्युत लोकपाल यांची दारे उघडी राहतात. सबमीटरवाल्याच्या हाती ग्राहक क्रमांकच नसतो. मालकाने रागाच्या भरात फ्यूज काढला, तर तक्रार तरी कुठे नोंदवायची?

मालकांची भीती अगदीच निराधार नाही. वीजबिलावर नाव आले म्हणून घराची मालकी येत नाही, ती धास्ती सोडून द्यावी. थकबाकीची मात्र खरी आहे. जुनी बाकी भरल्याशिवाय त्याच जागेला नवी जोडणी न देण्याची अट वीज कंपनीला नियमांनुसार घालता येते, असे मे 2023 च्या निकालात याच न्यायालयाने म्हटले आहे. तेव्हा अनामत रकमेत दोन-तीन महिन्यांचे वीजबिल धरणे हे आम्हांला वाजवी वाटते. पण त्यासाठी सगळ्यांना एकाच मीटरवर बांधून ठेवण्याची गरज नाही.

मोठ्या टाऊनशिपमध्ये मालकाच्या जागी सोसायटी येते. संपूर्ण संकुलाला एकच जोडणी, आणि पुढची बिले सोसायटी काढते. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. एकच जोडणी हवी की घरटी वेगळी, हे आता वीज कंपनीने मतदान घेऊन ठरवायचे आहे. कंपनीची वीज, जनरेटरची वीज आणि जिना-लिफ्ट-पंपाची वीज यांचे हिशेबही वेगळे ठेवायचे आहेत. देखभालीची बाकी विजेच्या बिलात मिसळून वसूल करण्याला यामुळे चाप बसावा.

फक्त या मतदानाची निवड फ्लॅटमालकांच्या हाती आहे. बिल भरणारा भाडेकरू त्यात कुठेच नाही. म्हणून वेगळी जोडणी होईपर्यंत त्याने करारातच लिहून घ्यावे: राहायला आलेल्या दिवशीचे सबमीटरचे रीडिंग, त्याचा फोटो, दरमहा मूळ बिलाची प्रत, आणि दर म्हणजे त्या बिलाची रक्कम भागिले एकूण युनिट. आपल्यापैकी जे मालक आहेत त्यांनी ही ओळ न मागता घातली तर उत्तमच.